पिंपातले लाल शेवाळ

मत्स्यालयात त्यांना सगळे ‘काचवाल्या बाई’ म्हणत. अठरा वर्षे त्यांनी टाक्यांच्या काचांवरचे शेवाळ खरडून काढले होते. म्हणूनच थंड समुद्रपाण्याच्या टाकीसाठी शेवाळ वाढवण्याचे काम त्यांनी आपणहून मागितले, तेव्हा व्यवस्थापकांनी चष्मा कपाळावर नेला.

“बाई, जन्मभर ज्याच्याशी वैर केलंत, त्यालाच आता पाळणार?”

“त्याच्या खोडी माझ्याएवढ्या कुणाला ठाऊक आहेत, साहेब?”

बारा अंशांवर गार राखलेल्या त्या टाकीत बाईंच्याही आधीपासूनचे एक समुद्रफूल, म्हणजे बोटांसारख्या पाकळ्यांचा एक सागरी प्राणी, होते. माशांच्या विष्ठेतून साचणारे नायट्रेट पाणी बदलूनही हटेना आणि फूल आवळलेल्या मुठीसारखे मिटून बसले होते. सहा आठवड्यांत नायट्रेट उतरले नाही, तर टाकी बंद होणार होती. आणि या वयात हलवलेले फूल जगेल, असे कोणी छातीठोकपणे सांगत नव्हते.

टाकीमागच्या अरुंद खोलीत बाईंनी एक पारदर्शक पिंप बसवले, टाकीचे पाणी त्यातून फिरवले, वर दिवा टांगला, तळातून हवा सोडली. मूठभर लाल समुद्रशेवाळ बुडबुड्यांवर गिरक्या घेऊ लागले. नायट्रेट हेच त्याचे खाद्य. चार आठवड्यांत पिंप गच्च भरले, चाचणीच्या नळीतला, नायट्रेट दाखवणारा लाल रंग फिकटला आणि बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात.

पाचव्या आठवड्यात रंग पुन्हा गडद झाला. पंप तपासला, दिवा पुसला, नळ्या धुतल्या, सारे व्यर्थ. त्या दुपारी त्यांची धाकटी नणंद भेटायला आली. तिचे केस कापण्याचे दुकान होते. पिंपात डोकावून ती म्हणाली, “अगं बाई! वहिनी, हे जंगल कधी विंचरलंस तरी का?”

“हात लावू नकोस! पान न् पान वाढवलंय मी.”

“ते दिसतंयच. वर नुसता झुपका, आणि खाली बघ, पांढरं पडलंय सगळं. असं डोकं समोर आलं की मी आधी कात्री काढते, मग बोलते.”

बाई वाकल्या. दाटीमुळे शेवाळाचे फिरणेच थांबले होते. तळाशी उजेड पोहोचत नव्हता. तिथली पाती कुजून, शोषलेले सारे पाण्याला परत करत होती. नायट्रेट बाहेर जाते ते काढून टाकलेल्या शेवाळाबरोबर, हे बाईंना पुरते ठाऊक होते. पण आयुष्यभर खरडणारा हात एकदा मायेने थबकला, तो नेमका इथे.

“कात्री आहे?”

“माझ्या पिशवीत? नसेल त्या दिवशी मी मेले समज.”

अर्ध्याहून अधिक शेवाळ निघाले. दुसऱ्या दिवशी कोणी विचारण्याआधीच बाईंनी व्यवस्थापकांना सांगितले, “चूक माझी. जीव लावला आणि कापायचं राहिलं.”

मुदतीच्या दिवशी नळीतले पाणी टाकी चालू राहण्याइतक्या फिक्या गुलाबीवर थांबले. व्यवस्थापक टाकीसमोर उभे राहिले. फुलाची तीन-चार बोटे बाहेर आली होती.

“पूर्ण नाही उघडलं अजून.”

“उघडेल. जरा बाजूला व्हा, साहेब. काच पुसायची आहे.”