सण नसताना आलेली साडी

या, अशा जवळ येऊन बसा. आणि तो फोन जरा पालथा ठेवा, तासभर कोणी मरत नाही. तुम्हा लोकांचं मला एक कळत नाही. नवं घर घ्यायला जाता तेव्हा सजवलेला नमुन्याचा फ्लॅट बघता, पोहायचा तलाव बघता, विमानतळ किती मिनिटांवर ते विचारता. त्या जागेवर आधी कोण राहत होतं, एवढं मात्र कधी विचारत नाही. रागावत नाही हो, आपलं समजून बोलते. मीही कधी विचारत नव्हते. एका प्रकरणाने मला ते विचारायला लावलं आणि ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

मी पोलीस खात्यात शिपाई म्हणून भरती झाले. शिक्षण बेताचंच. पुढे खात्याच्या परीक्षा दिल्या, कायद्याची पुस्तकं ड्युटी संपल्यावर बाकावर बसून वाचली आणि फौजदार झाले. निवृत्त व्हायच्या थोडं आधी माझी बदली उत्तर रायगडात, उरण-पनवेलच्या मधल्या एका ठाण्यात झाली. माझं माहेर मुरुडचं, त्यामुळे समुद्र ओळखीचा होता. तो भाग मात्र ओळखीचा नव्हता. एका बाजूला जुनी मिठागरं, दुसऱ्या बाजूला वीस-वीस मजल्यांचे सांगाडे. मधली गावं आकसत चाललेली. ठाण्यात रोज तंटे यायचे ते जागेचेच. भाऊ भावावर, चुलता पुतण्यावर. आमचं ठरलेलं उत्तर असायचं, 'ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.' बहुतेक वेळा ते खरंही असायचं. पण खरं उत्तर सारखं देत राहिलं की माणूस समोरच्याचं ऐकायचं थांबतो.

एका सकाळी सत्तरीच्या पुढची एक बाई ठाण्यात आली. तिला मी इथे आत्याच म्हणते, कारण सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. बारीक अंग, काळा रंग, ताठ मान. हातात दुकानाची चकचकीत पिशवी. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर तिने ती ठेवली.

"बाय, माज्या भाच्यानं मना साडी दिली."

"मग वाईट काय झालं?" मी विचारलं.

"सण नाय, लगीन नाय. साडी कशाची?"

आमचे हवालदार घाटावरचे, जिभेला हाड नसलेले. ते म्हणाले, "आत्या, माझी आत्या साडी दिली नाही म्हणून मला शिव्या घालते. तुम्ही साडी दिली म्हणून पोलिसात येता? भाच्याला आत टाकू की शोरूमवाल्याला?"

सगळं ठाणं हसलं. मीही हसले. आत्या हसली नाही.

"साडी दिली आन् पाया पडला गो. तो पाया पडला तवाच मना कळला. हक्कसोड केल्याबिगर आमच्यात कोन अशी साडी देत नाय."

तिचं म्हणणं असं होतं. त्या भागात लेक किंवा बहीण बापाच्या जागेवरचा आपला हक्क भावाला सोडून देते, कागदावर अंगठा करते, तेव्हा घरचा पुरुष तिला नवी साडी देऊन पाया पडतो. नंतर ती त्या घरात पाहुणी. आमच्या मुरुडच्या घराला जमीनच नव्हती, सोडणार काय? त्यामुळे ही रीत मला ठाऊक नव्हती. आत्या ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आली होती. मूलबाळ नाही. भावाची बायको गेल्यावर तिच्या लहान पोराला आत्यानेच वाढवलं. मिठागरात राबून त्याला शिकवलं. भाऊही गेला. गावठाणातलं घर आणि मागचं परसू आता दोघांच्या नावावर होतं, तिच्या आणि या भाच्याच्या. बिल्डरला तिथे इमारत बांधायची होती. आत्याचा जुन्या घरात जीव होता, पण भाच्यासाठी ती तयार झाली होती. तिने एकच अट घातली होती: "नव्या घराच्या कागदावर माजा पन नाव लाव, मंग देतंय आंगठा."

मी भाच्याला फोन लावला. अदबीने बोलला. "मॅडम, आत्याने स्वतः रजिस्ट्रारच्या ऑफिसात येऊन हक्कसोडपत्र केलंय. आता विसरते. वय झालं." लगेच त्याने दस्ताचे फोटो मोबाईलवर पाठवले. शिक्के होते, दोन साक्षीदार होते, अंगठा होता, आत्याचा फोटोही होता. म्हणजे मला तो आत्याचा वाटला. कपाळापर्यंत पदर, संगणकातून निघालेला काळपट चेहरा. त्यात कोणतीही म्हातारी कोणतीही वाटली असती.

मी आत्याला म्हणाले, "तुम्ही अंगठा केलाय आत्या, आठवत नसेल. आणि ही दिवाणी बाब आहे." तिचा अर्ज मी लिहूनसुद्धा घेतला नाही. रजिस्टरमध्ये एक ओळ टाकली, 'समज देऊन परत पाठवले.' ती ओळ माझ्याच अक्षरात आहे.

दोन महिन्यांनी आत्या पुन्हा आली. या वेळी पिशवी नव्हती. घर पाडून झालं होतं. भाच्याने तिला भाड्याच्या खोलीत ठेवलं होतं, आणि आता तिला भ्रम झालाय, वृद्धाश्रमात ठेवायला हवं, असं गावभर सांगत होता. गावालाही ते पटत चाललं होतं. लोक तिला बघून एकमेकांना कोपराने खुणावत. शेजारणीने तिला अर्ज लिहून दिला होता. त्यात बाकी काही नव्हतं, एवढंच होतं की मी अंगठा केलेला नाही, तसं सरकारने लिहून द्यावं आणि नव्या घराला माझं नाव लागावं.

अर्जावर अंगठा घ्यायला हवालदारांनी शाईचं पॅड पुढे केलं. उमटला तो नुसता काळा ठिपका. त्यांनी कपड्याने तिचा अंगठा पुसला, पुन्हा घेतला. पुन्हा ठिपका. तिसऱ्यांदा त्यांनी तो उजेडात धरून पाहिला आणि त्यांची थट्टा बंद झाली.

"मॅडम, बाईंच्या अंगठ्याला रेषाच नाहीत."

"मिठानं खाल्ल्या," आत्या म्हणाली. "रेशनच्या दुकानात पन त्या मशिनीला मी दिसत नाय. तो दुकानदार बोलतो, आत्या, सरकारच्या हिशोबी तू जल्मलीच नाय."

भाच्याने पाठवलेला दस्ताचा फोटो मी मोबाईलवर मोठा करून पाहिला. कागदावरच्या अंगठ्याची एकेक रेष नांगरलेल्या शेतासारखी स्वच्छ होती.

मी रजिस्टर उघडून माझी ती ओळ पुन्हा वाचली. दोन महिन्यांपूर्वी तिचा अर्ज लिहून घेतला असता, तर खाली अंगठा घ्यावाच लागला असता. हेच तेव्हा दिसलं असतं, आणि तेव्हा घर उभं होतं.

त्याच दिवशी गुन्हा दाखल केला. फसवणूक, बनावट दस्त, तोतयेगिरी. दुय्यम निबंधक कार्यालयातून मूळ दस्त ताब्यात घेतला, पंचनामा केला, ठसे तज्ज्ञांकडे पाठवले. त्यांचा अहवाल यायला वेळ लागणार होता, म्हणून मी साक्षीदारांकडे वळले. दस्तात दोन माणसं लिहून देतात की या बाईला आम्ही ओळखतो. त्यातला एक, बिल्डरसाठी जागा जमवणाऱ्या दलालाचा ड्रायव्हर निघाला. त्याला बोलावलं.

चौकशीचं माझं तंत्र साधं. आरडाओरडा करायचा नाही. माणसाला चहा द्यायचा आणि ज्याचं उत्तर त्याने पाठ केलेलं नाही तेच विचारायचं.

"आत्याला किती वर्षं ओळखता?"

"दहा वर्षं, मॅडम. आईसारखी आहे मला."

"बरं. मग त्या आईचा कुठला पाय अधू आहे?"

त्याने चहाचा घोट घेतला. "डावा."

"हवालदार, आत्यांना जरा इकडे बोलवा."

आत्या बाहेरच्या बाकावरून उठून ताडताड चालत आत आली. दोन्ही पाय ठणठणीत. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मला विचारलं, "यो कोन गो?"

हवालदार म्हणाले, "आत्या, हा तुमचा मुलगा."

ड्रायव्हरने कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. पालीच्या पुढे डोंगराकडच्या एका भातशेतीच्या गावातून त्याने एका म्हातारीला गाडीत घालून आणलं होतं. निराधार पेन्शनचं काम आहे असं सांगून, आणि हे सगळं भाच्याच्या सांगण्यावरून. आधार कार्डाच्या बनावट झेरॉक्सवर नाव आत्याचं आणि फोटो त्या म्हातारीचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गावी गेलो. ओटीवर तांदूळ पाखडत एक म्हातारी बसली होती. पोलिसांची गाडी बघून लोक घरात जातात. ती उलट सूप ठेवून लगबगीने पुढे आली.

"आलात व्हय? पेन्शन घेऊन आलात ना? मी अंगठा दिला त्याला लय दिवस झाले."

मी एवढ्या वर्षांत खून बघितले, बुडालेली माणसं बघितली. तिला 'पेन्शन नाही' असं सांगणं मात्र त्याहून जड गेलं. हवालदारांनी तोंड फिरवलं.

तिला ठाण्यात आणलं, आत्यासमोर बसवलं. खरं काय झालं ते कळल्यावर पालीकडची रडायला लागली. "बाई, मला म्हाईत न्हवतं गं. तुझं घर गेलं माझ्या अंगठ्यानं." आत्याने आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवली. तिचा हात हातात घेऊन तिचा अंगठा निरखून बघितला आणि म्हणाली, "तुजा चांगला हाय गो. सांभाळ त्याला." नंतर माझ्याकडे वळली. "हिला नको धरू. ही पन माज्यासारकीच." मी त्या बाईला साक्षीदार केलं.

उरला भाचा. चाळिशीचा, गळ्यात साखळी, दोन फोन. पहिला तासभर तो ठाम होता. मग मी ड्रायव्हरचा जबाब त्याच्यापुढे ठेवला. वाचून त्याने दोन्ही फोन बंद केले.

"मॅडम, सगळ्याच आत्या सोडतात. आमच्या गावात कुठल्या बाईचं नाव लागलंय? बिल्डरचा माणूस म्हणाला, नावं जितकी कमी तितकं बरं. उद्या आत्या गेली की तिच्या सासरची माणसं हिस्सा मागायला येतील."

"तुला हे कोणत्या वकिलाने सांगितलं?"

"वकिलाला कशाला विचारायचं? सगळे तसंच बोलतात."

मी त्याला कायदा सांगितला. मूलबाळ नसलेल्या बाईला बापाकडून मिळालेलं, तिने मृत्युपत्र केलं नसेल तर, तिच्यामागे बापाच्याच वारसांकडे परत जातं, सासरी जात नाही. म्हणजे आत्यामागे ते त्याचंच होतं. तो थांबला असता, आत्याचं नाव लावून दिलं असतं, तरी शेवटी सगळं त्याच्याच घरात राहिलं असतं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याने कोणाला विचारलं नव्हतं. ऐकताना त्याचं तोंड उतरत गेलं.

मला एक गोष्ट राहून राहून छळत होती. मी विचारलं, "तिने हक्क सोडलाच नव्हता. मग साडी का दिलीस? तू साडी दिली नसतीस तर तिला संशयही आला नसता."

त्याने टेबलावरचे बंद फोन एकावर एक ठेवले. "साडी दिली नसती तर मला चोरी केल्यासारखं वाटलं असतं."

नोकरीभर मी चोर बघितले. आपण चोर नाही एवढं स्वतःला पटवण्यासाठी जो तो काहीतरी करतो. कोणी देवाला नारळ ठेवतो. याने रीत पाळली, आणि तीच त्याला नडली.

भाच्याला अटक केली त्या दिवशी आत्या ठाण्यात डबा घेऊन आली, त्याच्यासाठी. सुकटीची चटणी आणि भाकरी. "मारू नको त्याला," म्हणाली. आम्ही कोणी त्याला हात लावला नव्हता. पुढे त्याला जामीन झाला. मी निवृत्त झाले तेव्हा फौजदारी खटला चालूच होता. ठशांचा अहवाल आत्याच्या बाजूने आला आणि भाच्यानेच दिवाणी कोर्टात कबुली दिल्यावर तो दस्त रद्द झाला. नव्या इमारतीच्या करारात आत्याचं नाव लागलं. गावात आणखी काही बायकांनी तेव्हापासून अंगठा करण्याआधी नाव मागायला सुरुवात केली, असं हवालदार सांगत होते.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, इमारत उभी राहिल्यावर, मी आत्याला भेटायला गेले. सातवा मजला. लिफ्टमधून वर जाताना ती माझा दंड घट्ट धरून होती. घर स्वच्छ, फरशी गुळगुळीत. खिडकीतून लांबवर मिठागरं दिसत होती. भाचा शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतो. तो तिच्याशी बोलत नाही, पण त्याची बायको रोज भाजी देऊन जाते. आत्याने माझ्यासाठी चहा केला, पुढ्यात ठेवला आणि अगदी सहज, चहात साखर कमी आहे का विचारावं तसं, म्हणाली,

"तू पयल्यांदा आयकला असतंस ना बाय, तं माजा घर असता."

मी मान डोलावली. तिने मला बिस्किटं घ्यायचा आग्रह केला.

या प्रकरणात माझं कौतुक झालं, वरिष्ठांनी पाठ थोपटली. ते पत्र कुठेतरी कपाटात असेल. पण मी शिकले ते त्या एका वाक्यातून. शिक्का असलेला कागद खरा आणि समोर उभं असलेलं माणूस विसराळू, असं मी मानलं होतं. कागदाचं तोंड मी वाचलं आणि बाईचं वाचलं नाही. शहर वाढतं, वाढू दे, इमारती होऊ देत. पण त्या घाईत ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं बोलणं कोणी तरी बसून ऐकायला हवं, आणि ते लिहून घ्यायला हवं. पगार असताना मी ते केलं नाही, आता बिनपगारी करते.

मुरुडला माझ्या ओटीवर रोज सकाळी कोणी ना कोणी असतं. कोणाचा बिल्डरबरोबरचा करार, कोणाचा सातबारा, कोणाची भावकीची वाटणी. मी चष्मा लावून ओळ न ओळ वाचते आणि काय लिहिलंय ते सोप्या शब्दांत सांगते. वकील नाही मी, पण कुठे बोट ठेवायचं आणि वकिलाला काय विचारायचं ते कळतं. तुम्हीही या. एसटी स्टँडवर उतरून कोणालाही विचारा, घर दाखवतील. कागद पिशवीत घाला, घरातल्या म्हातारीलाही सोबत घ्या, तिच्याशी मला बोलायचंय. जेवूनच जा. पण लवकर या हो. सही करायच्या आधी या.