कुसुमताईंनी वाचून दाखवलेला कागद

कुसुमताई गेल्याचं मला जिंतूरच्या बसस्टँडवर त्यांच्या भाच्याकडून कळलं. त्याला आता महिना होत आला. परभणीजवळच्या बियाण्यांच्या कारखान्यात आम्ही चौदा वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. ताई कामगारांचं सगळं पाहायच्या, मी टायपिस्ट. बियाणं निवडणाऱ्या बायांपैकी कुणाची सासू आजारी, कुणाचं बाळंतपण जवळ आलंय, त्यांना सगळं ठाऊक. नामांतराच्या दंगलीत रुक्मिणची वस्ती जळाली, ती पंधरा दिवस आली नाही. ताईंनी हजेरीपटावरून तिचं नाव काढू दिलं नाही.

मग परदेशी कंपनीनं कारखाना घेतला. मुंबईहून साहेब आले. ताईंना 'मनुष्यबळ व्यवस्थापक' अशी पाटी मिळाली आणि हाती इंग्रजी संमतीपत्रांचा गठ्ठा. "फक्त मालक बदलतोय, एवढं बायांना समजावा," साहेब म्हणाले. ताईंचं इंग्रजी बेताचं. त्यांनी मला हळूच विचारलं, "यात काही वावगं नाही ना?" कागद मीच टाइप केला होता. त्यात लिहिलं होतं: जुनी नोकरी आजपासून संपली, नवी नेमणूक सहा महिन्यांपुरती... साहेब काचेपलीकडे उभे होते.

"नाही," मी म्हणालो. ताईंनी बायांना तो कागद 'फक्त मालक बदलतोय' असा वाचून दाखवला.

"ताई, तुमी म्हणायलाव म्हणून अंगठा द्यायलोत," रुक्मिण म्हणाली. तिच्यामागं सगळ्यांनी दिला.

सहा महिन्यांनी निवडणीची यंत्रं आली आणि बायांना फाटकावरच अडवलं. ताई साहेबांशी भांडल्या, राजीनामा दिला, गावोगाव जाऊन एकेकीची माफी मागितली. मी नोकरीत राहिलो. रुक्मिणनं त्यांना चहा दिला अन् म्हणाली, "तुमाला बी फसवलं आसंल. पण आमी तुमालाच इचारलं व्हतं ना..." त्यानंतर ताई बोलेनाशा झाल्या, अन्न तुटलं. मी भेटायला जायचो. दर वेळी सांगायचं ठरवून जायचो आणि पाऊसपाण्याचं बोलून परतायचो.

तेराव्याला रुक्मिण आली होती. ताईंच्या उशाशी सापडलेला शब्दकोश भाच्यानं माझ्या हाती दिला, त्यात घडी केलेलं तेच संमतीपत्र. प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेला. तळाशी कोपऱ्यात, टाइप करणाऱ्याची असतात तशी, माझ्या नावाची दोन अक्षरं. त्यांच्याभोवती बारीक गोल. म्हणजे मी जाणूनबुजून 'नाही' म्हणालो होतो, हे त्यांना कळलं होतं... आणि तरी मी गेलो की त्या मला बसायला चटई टाकत होत्या.

"काय लिवलंय, दादा?" रुक्मिणनं विचारलं.

मी पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. नोकरी संपल्याचं ते वाक्यही. मग ती दोन अक्षरंही, आणि ती माझी आहेत हेही सांगितलं.

रुक्मिण उठली, चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.