आजोबांना काढलं तेव्हा

बहिणीच्या लग्नाच्या वेळी मी आजोबांना कॉम्प्युटरमधून काढून टाकलं आणि त्यांच्यासोबत सगळं खानदान गेलं.

त्या वर्षी मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होतो (आमच्या डोंगरकडा गावच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे माझं कुणी तपासत नसे). सरांनी नुकतंच ओआरएम नावाचं तंत्र शिकवलं होतं. डेटाबेसमधली कोरडी नोंद त्यात जिवंत माणसासारखी वागते. 'आजोबांची मुलं' म्हटलं की मुलं समोर, 'सेव्ह' म्हटलं की जपून ठेवली. मला तर हात जोडावेसे वाटले. मी सगळे नातेवाईक त्यात भरले.

"पत्रिकांवरचे पत्ते निघतेत का ह्याच्यातून?" बाबांनी विचारलं.

"सगळे निघतेत."

आजोबा आदल्या वर्षी वारले होते. वारलेल्या माणसाला पत्रिका कशी पाठवायची? मी त्यांची नोंद पुसली. पण सरांच्या बिलाच्या उदाहरणावरून (बिल पुसलं की त्यातल्या वस्तूही पुसायच्या) मीच नियम घातला होता, की मूळ नोंद गेली तर तिच्याखालच्या सगळ्या जाव्यात. एका ओळीत आत्या, काका, बाबा, मी आणि खुद्द नवरी, सगळे गेलो. (हे मला पत्रिका गेल्यावर कळलं. भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते नवलच.) घरात कुणाला संशय आला नाही, कारण आईचं माहेर आजोबांच्या नोंदीखाली नव्हतं, आणि ते एवढं मोठं की पत्रिकांचा गठ्ठा जाडच निघाला.

मग जवळा बाजार गावाहून आत्याचा फोन आला. "काहून रे, आमी मेलो काय?"

आमच्याकडे नवरीला पहिली हळद आत्या लावते. आत्या नाही तर हळद नाही. बाबा मला मोटारसायकलवर मागे बसवून निघाले.

आत्या ओट्यावर तूर पाखडत होती. तिने पाणी दिलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मी खरं ते सांगितलं. "आजोबांना काढलं, तर तुमी आपोआप गेलात."

सूप थांबलं. "म्हंजे बाप गेला की लेकीचं माहेर बी गेलं. तुझं मशीन बराबर बोलून राहिलं."

बाबा खाली बघत म्हणाले, "आक्का, मी हाय ना अजून."

"त्यात बाबा बी न्हाईत," मी प्रामाणिकपणे सांगितलं. "मी बी न्हाई."

आत्याने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मंग तुला तरी लग्नाला कोण बोलावलं, लेकरा?"

पहिली हळद तिनेच लावली. आणि मांडवात जो भेटेल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, "ह्याला पत्रिका न्हाई. माझ्यासंगं आलाय, जेवू द्या."