अळणी दिवसांतला प्रसाद

प्रिय ईरा आणि ओम,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईराने विचारलं, "आजी, तुझा आवाज अजूनही असा घोगरा का?" आणि तुमच्या बाबाने लगेच विषय बदलला. मुलांना एवढ्यात काही सांगू नये असं त्याला वाटतं. मला वाटतं, अर्धवट कळलेल्या गोष्टीची भीती जास्त बसते. शिवाय ताजा रिपोर्ट आता हाती आला आहे, तेव्हा सगळं क्रमाने लिहून ठेवते.

माझ्या थायरॉइड ग्रंथीला कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, आवाज तेव्हाच बसला, आणि नंतर किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला. थायरॉइडच्या पेशी आयोडीन शोषून घेतात, कॅन्सरच्याही घेतात, आणि त्यातल्या किरणांनी आतल्या आत मरतात. पण पुढे फुप्फुसांत बारीक गाठी दिसल्या आणि त्यांनी आयोडीन घेतलंच नाही. ठाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, या पेशी आपलं मूळ काम विसरल्यात. काही आठवडे गोळ्या देऊन बघू. त्या पुन्हा आयोडीन घ्यायला लागल्या तर मोठा डोस देता येईल. सगळ्यांना लागू पडतं असं मात्र नाही." नाहीच पडलं तर, असं मी विचारलं. "मग दुसरी औषधं आहेत, पण ती गाठींना फक्त थोपवून धरतात."

त्या आठवड्यांत मी फार घाबरलेली होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई मी. उत्तर येणार की नाही हेच माहीत नसलेलं गणित कधी सोडवलं नव्हतं. देवापुढे बसायचे, पण मागायचं काय? फुप्फुसातल्या पेशींना स्मरण दे, असं कोणी कधी मागितलं असेल का? जपमाळ हातात असायची आणि मन रिपोर्टमध्ये.

तपासणीच्या आधी शरीरात बाहेरचं आयोडीन जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून घरातलं आयोडीनचं मीठ बंद, दूध-दही बंद, मासे बंद. मिठाची बरणी मी फडताळात सगळ्यात वर ठेवली. आजोबाही माझ्याबरोबर अळणीच जेवायचे. "अगं, ही आमटी आहे की भांडी विसळलेलं पाणी?" असं म्हणायचे आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. मी तर पावाच्या तुकड्यालाही हात लावला नाही. माझ्या चुकीने ही संधी जायला नको, एवढाच ध्यास होता.

ठाण्याला तपासणीसाठी आयोडीनचा लहान डोस घ्यायचा होता, त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. गुरुवार होता, म्हणून डोंबिवलीतल्या आमच्या जवळच्या दत्ताच्या देवळात गेलो. आजोबा बाहेर चपला सांभाळत थांबले. आरती झाली, रांग पुढे सरकली आणि गुरुजींनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

दुधाचा, खव्याचा पेढा! माझ्या आईची शिकवण अशी, की हातावर आलेला प्रसाद तिथेच तोंडात टाकायचा, त्याला नाही म्हणायचं नाही. मी कधी म्हटलंही नव्हतं. खांबाशी सरकून तशीच उभी राहिले. खाल्ला तर इतक्या दिवसांचं पथ्य वाया, नाही खाल्ला तर नेमका आज देवाला नकार. नेऊन आजोबांना द्यावा, एवढंसुद्धा सुचलं नाही. शेवटी डोळे मिटले आणि पेढा ओठांपर्यंत नेला.

"काकू, बरं वाटत नाही का?" शेजारी हिरव्या साडीतली एक ठेंगणी बाई उभी होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. का कोण जाणे, पण तिला सगळं सांगून टाकलं. उद्या तपासणी आहे, दूध चालत नाही, आणि हा तर प्रसाद.

"एवढंच ना? आणा इकडे," ती म्हणाली. "माझा गुरुवारचा उपास. प्रसादावर सोडायचा म्हणून ठाकुर्लीहून धावत आले, तर माझ्या पुढ्यात ताट रिकामं. तुमच्या नावाने मी खाते, चालेल?"

"पण देवाला..."

"अहो, त्याला काय, पेढा पोचल्याशी मतलब! तुमच्या तोंडात गेला काय नि माझ्या."

तिने पेढा कपाळाला लावला, दोन घासांत संपवला, पदराला हात पुसले. "झाला तुमचा प्रसाद खाऊन. आता उद्या बिनघोर जा." मला हसू आलं, आणि पाठोपाठ रडूही. डोळे पुसून वर पाहिलं तर ती प्रदक्षिणेच्या गर्दीत दिसेनाशी झाली होती. नाव विचारायचं राहून गेलं.

तपासणीच्या चित्रात फुप्फुसांत काळे ठिपके उमटले होते. सगळ्या गाठी नव्हेत, पण बऱ्याच गाठींनी आयोडीन घेतलं होतं. मोठा डोस मिळाला. डॉक्टरीणबाईंना मी पेढ्याची गोष्ट सांगितली, तशी त्या हसून म्हणाल्या, "काकू, एका पेढ्याने काहीही बिघडलं नसतं." असेल तसं. गोळ्यांनी आपलं काम केलं, हे मलाही कळतं. पण त्या संध्याकाळी माझ्या हातातली भीती कोणीतरी उचलून नेली, आणि ती मी दत्ताचीच कृपा मानते. हातावर पडेल ते निमूट घेणं, म्हणजे शरण जाणं, असं मी समजत होते. कधी कधी आपल्या हातातलं दुसऱ्याला घेऊ द्यावं लागतं, हे मला या वयात कळलं.

आता रिपोर्टचं सांगते. बऱ्याच गाठी विरल्या आहेत, काही आक्रसल्या आहेत. उजव्या फुप्फुसात दोन अजून जशाच्या तशा आहेत. आणि मी आहे.