भांगेच्या परवान्याची बाई

दारूबंदीच्या त्या काळात डहाणूच्या कचेरीत औषधापुरत्या भांगेचे परवाने मी लिहीत असे. ती बाई दर गुरुवारी यायची, बरोबर कुणी ना कुणी दुखणाईत. तिच्या घरची चिकूची वाडी होती आणि या माणसांशी तिचं नातं काहीच नव्हतं. बाकावर ती कधी बसत नसे. उभ्यानेच अर्ज मोठ्याने वाचून दाखवी आणि म्हणे, "लिहा भाऊ, लिहा. यांना दोन घास गिळवत नाहीत." मला तिचा धाक वाटे, थोडा रागही येई.

तलासरीकडच्या एका म्हाताऱ्याचा अर्ज मी दोनदा परत केला होता. पोटात गाठ होती, डॉक्टरांची चिठ्ठीही होती. पण परवान्यावर सही करणाऱ्या साहेबांपुढे रोग्याने स्वतः हजर राहावं असा नियम होता. बसमध्ये त्याला बसवत नव्हतं. तिसऱ्या खेपेला ती त्यालाच बैलगाडीत घालून घेऊन आली. आदल्या दिवशी निघाली होती.

"आत आणा," मी म्हणालो.

"हलवलं की ओरडतो. तो हजर आहे, भाऊ. आता साहेबांनी हजर व्हायचं."

साहेब चिडून अंगणात आले. म्हातारा उठून हात जोडायला धडपडला, तेव्हा तिने त्याचा खांदा हलकेच दाबला.

"पडून राहा, बाबा. भीक मागायला नाही आलो आपण."

साहेबांनी अर्ज मागून घेतला. त्यांनी गाडीच्या फळीवरच सही केली.

पुढे रोग्यांची खेप वाचावी म्हणून महिन्यातून एक दिवस आम्ही तलासरीलाच कचेरी मांडून बसू लागलो. पहिल्याच दिवशी ती तिघांना गाडीत घालून घेऊन आली. मी खुर्ची सोडली आणि दौत-टाक घेऊन पायऱ्या उतरलो.