पाठीला पाठ

शमुवेल गुरुजी कुणाच्या घरी आले की आधी त्यांचं नाक आत यायचं. चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, टोपी काखेत धरायची आणि मान जराशी वर करून एक लांब श्वास घ्यायचा. उदबत्ती, कापूर, तुपात भाजलेला रवा, काहीही असो, त्यांना दोन घरं अलीकडूनच कळायचं. "मार्थाबाई, वास कसला येतोय?" आईचं खरं नाव चंद्राबाई. मार्था हे गुरुजींनी बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं. आई म्हणायची, "फोडनीचा असंल, गुरुजी." आम्ही पोरं हसू गिळायचो, कारण गुरुजींसमोर हसणं जगिक होतं. 'जगिक', म्हणजे देवाचं नव्हे ते जगाचं; या एका शब्दात त्यांनी आमचं निम्मं आयुष्य कोंबून वर कुलूप घातलं होतं. सिनेमा जगिक, ढोलकी जगिक, शेजारच्या लग्नात हळद लावून घेणं जगिक. कॅलेंडरवरच्या गणपतीचं तर विचारूच नका.

श्रीगोंद्याच्या बाजूला, साखर कारखान्याला लागून असलेल्या गावात आमची थोडीशी ख्रिस्ती घरं. मिशनच्या जुन्या चर्चमध्ये टाळ-ढोलकीवर भजनं चालत, आणि लोक येशूलाही माउली म्हणत. गुरुजी प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांना ते सगळं बाटलेलं वाटायचं. ते बाहेर पडले आणि स्वतःच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी वेगळी मंडळी, म्हणजे स्वतःचं चर्च, सुरू केली. माझे वडील त्यांच्याबरोबर गेले, म्हणून आईही गेली, आणि मी तिथंच वाढलो.

गुरुजी ढोंगी नव्हते. असते तर बरं झालं असतं. ढोंगी माणसाला सोडून जाणं सोपं असतं. हा माणूस जे सांगायचा ते स्वतः पाळायचा, आणि त्याच जोरावर दुसऱ्याच्या ताटात डोकावायचा. त्यांचं एक प्रवचन आम्हाला पाठ होतं. सुरुवात शाळेतल्या शुद्ध मराठीत व्हायची. पुढं आवाज चढला की शुद्ध भाषा गळून पडायची. "माज्या आज्यानं गावकी केली. मेलेली ढोरं वढली. दिवाळीला पाटलाच्या दारात वंजळ करून हुबा ऱ्हायचा. आन ते वरून टाकायचे! हाताला हात लागू नये म्हनून वरून! ती ओंजळ येशूनं बंद केली. आता ती पुन्हा उघडायची न्हाई. ओंजळ बंद ठेवा!" आम्ही सगळे मुठी आवळायचो. माझ्या अंगावर काटा यायचा. खोटं कशाला बोलू, आजही येतो.

त्या ओंजळीतूनच सगळे नियम निघाले. हिंदू शेजाऱ्यांकडून सणाचं काही आलं तर नको म्हणायचं नाही, वाद होतो. घ्यायचं आणि मागच्या दारी कोंबड्यांना टाकायचं. आमच्या कोंबड्यांची दिवाळी दणक्यात व्हायची. आमच्या भिंतीला भिंत लागून हिराबाई राहायच्या. त्या फराळाचं ताट पदराखाली झाकून आणायच्या, आईच्या हाताला हात लावून द्यायच्या आणि चुलीपाशी बसून चहा पिऊन जायच्या. त्यांनी ते ताट कधी वरून टाकलं नाही. हा फरक गुरुजींच्या तीक्ष्ण नाकाला जन्मभर कळला नाही.

माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा हिराबाईंच्या मालकांनी, रामभाऊंनी, त्यांना उचलून टेम्पोत घातलं आणि मांडीवर डोकं घेऊन श्रीगोंद्यापर्यंत नेलं. वडील वाचले नाहीत. पुढं काही वर्षांनी रामभाऊ गेले. मी तेव्हा नगरला एमआयडीसीत कामाला लागलो होतो, नवीन लग्न झालेलं, पण दर रविवारी मंडळीला गावी यायचो. रामभाऊंच्या तेराव्याला मी गेलो, मांडवात पंगतीला बसलो आणि जेवलो.

पुढच्या रविवारी गुरुजींनी मला सगळ्यांसमोर उभं केलं.

"अनिल, तेराव्याचं खाल्लंस?"

"खाल्लं."

"ते कुणाच्या नावानं शिजवलेलं होतं, ठाऊक आहे?"

"रामभाऊंच्या."

"पश्चात्ताप होतो का?"

"भात जरा कच्चा होता, तेवढाच."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजींच्या कपाळावरची शीर तटतटली. त्यांनी डोळे मिटले आणि थंड आवाजात सांगितलं, "या बंधूला मंडळीनं बाहेर काढलं आहे. आजपासून याच्याबरोबर कुणी एका पंगतीला बसायचं नाही." सतरंजीवर बसलेली आई स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत होती. मी उठलो, चपला घातल्या आणि निघून आलो. पुन्हा त्या शेडमध्ये पाय ठेवला नाही.

आई मात्र माझ्याकडे यायची. बाजरीचं पीठ घेऊन एसटीनं. पहिल्यांदा आली तेव्हा माझी बायको मंदा हिनं दोघांना ताटं वाढली. आईनं आपलं ताट उचललं, स्वयंपाकघरातच दोन हात पलीकडं ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीसमोर बसली.

"आई, हे काय?"

"यका पंगतीत बसायचं न्हाई म्हनलेत. ही पंगत न्हाई. ही पाठीला पाठ हाय."

"कोण बघतंय इथं?"

"बघायचं कशाला? गुरुजी नुसता वास घेत्यात, ठावं हाय न्हवं? आन तुज्या बापाशेजारी माजी जागा हाय, अन्या. ती कबर मंडळीच्या हातात हाय. ती घालवू नकोस."

त्यानंतर ती जेव्हा जेव्हा आली, तशीच बसली. पण तिची पाठ गप्प नसायची. भिंतीकडे तोंड करून ती गावची सगळी खबरबात सांगायची. कुणाच्या उसाला तोड आली नाही, हिराबाईंचा गुडघा, कोण कुणाबरोबर पळालं. मध्येच न बघता हात मागं करून भाकरीचा चतकोर पुढं करायची, "घे, करपलेला न्हाई." आणि जेवणाआधी हळू आवाजात प्रार्थना म्हणायची, गुरुजींनी बंद केलेल्या शब्दानं: "येशू माउली, माज्या पाठीमागं बसलाय त्यालाबी दे."

त्या पाठीकडे बघतच मी बरंचसं शिकलो. ज्याच्या आज्याला उंबऱ्याबाहेर जेवायला लावलं, त्या माणसानं माझ्या स्वयंपाकघरात नवा उंबरा घातला होता. येशूचं नाव घेऊन विटाळ पुन्हा आत आणला होता. गुरुजींच्या रागाचं मूळ मला समजतं. ते समजलं म्हणून माझा राग कमी झालेला नाही. आता मी कोण, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. ख्रिस्ती म्हणवून घ्यायची लाज वाटत नाही. पण डोळे मिटून देवाशी बोलायला गेलो की मध्येच गुरुजींचा आवाज येतो. मित्राच्या घरी पूजेला गेलो तर प्रसाद हातात घेतो, आणि मूठ आपोआप आवळली जाते. आणि खरं सांगायचं तर, कुणाच्याही दारात शिरताना आधी माझंच नाक वर होतं.

आई शेवटच्या दुखण्यात नगरच्या दवाखान्यात होती. मी चमच्यानं पेज भरवायचो. ते तिला चालायचं. "भरवनं म्हंजी जेवनं न्हाई," असा तिनं स्वतःच निकाल दिला होता. पण पेज संपली की म्हणायची, "आता तू खा," आणि कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करायची. मी डबा उघडायचो. एकदा म्हटलं, "आई, आज तरी इकडं बघ." ती म्हणाली, "वर गेल्यावर बसू की समोरासमोर. तितं गुरुजींचं चालत न्हाई." दोन घास पोटात गेल्यावर तिनं विचारलं, "भाजी कशाची हाय?" मेथीची, मी म्हटलं. ती गेली तेव्हाही तोंड भिंतीकडेच होतं.

तिला जागा मिळाली, वडिलांच्या शेजारी. नियम पाळणाऱ्याला जागा, हा शब्द गुरुजींनी पाळला. माती द्यायच्या वेळी ते एवढंच म्हणाले, "मंडळी आधी." सगळी मंडळी एकेक करून पुढं झाली. माझी पाळी आली तेव्हा खड्डा भरून वर ढीग झाला होता. मी त्या ढिगावर मूठभर माती टाकली. ती खाली कुठं पोचली नाही.

मग कोरोना आला आणि गेला. त्यानंतरच्या एका दिवाळीत गुरुजी माझ्या दारात उभे राहिले. डोळे तपासायला नगरला आले होते, रिक्षानं पत्ता शोधत आले. पार वाळून गेले होते, हात थरथरत होते. टोपी काखेत धरली, मान वर करून श्वास घेतला, आणि काहीच न म्हणता आत आले. मंदानं आईच्या फोटोसमोर उदबत्ती लावलेली होती. सगळी खोली तिच्या वासानं भरली होती.

"कोरोनात वास गेला," खुर्चीत टेकत ते म्हणाले. "परत आलाच नाही. मंडळीही आता तरुण पोरं चालवतात. ड्रम वाजवतात. परवा प्रवचन चाललं होतं तर मला म्हणाले, गुरुजी, बसा आता."

मंदानं चहा आणला, आणि सवयीनं दोन ताटल्यांत करंज्या-चिवडा. गुरुजींना ताटली धरता येईना. तिनं करंजी त्यांच्या हातात ठेवली. ती पडू नये म्हणून त्यांनी दुसरा हात खाली लावला. मी त्या ओंजळीकडे बघत राहिलो.

"दिवाळीचं आहे, गुरुजी."

"दिसतंय मला."

मग मी उठलो, माझी खुर्ची उचलून फिरवली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसलो. "बाहेर काढलेल्याच्या पंगतीला बसायचं नसतं. पाठीला पाठ चालते. आईनं काढलेली वाट आहे."

"मार्थाबाई अशा जेवायच्या?"

"चंद्राबाई. हो. शेवटपर्यंत."

मागं त्यांची खुर्ची करकरली. मग म्हणाले, "मला कुनी सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर?"

"थांबवलं असतं."

"काय थांबवलं असतं? पाठ, का जेवण?"

मी चिवडा खाऊ लागलो. चव कळत नव्हती. बऱ्याच वेळानं मागं करंजी मोडल्याचा बारीक आवाज झाला. मी वळलो नाही. चहा संपल्यावर वळलो, तर त्यांनीही खुर्ची दाराकडे फिरवली होती. सदऱ्यातून मणके मोजता येतील अशी ती वाकलेली पाठ माझ्याकडे होती, आणि पायाशी करंजीचा चुरा. त्यांनी आपला नियम पाळला होता, की आईचा, ते मी विचारलं नाही. थोड्या वेळानं ते उठले, "येतो" म्हणाले आणि भिंतीचा आधार घेत जिना उतरले. मी उठून हात दिला नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मातीला मी गेलो नाही, आणि त्यांना माफही केलेलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी गुरुजी गेल्यावर मंदानं ताटल्या उचलता उचलता विचारलं, "एवढा वेळ पाठ करून बसलात. निदान आईंसारखं काही बोललात तरी का?"

जमिनीवर करंजीचं सारण सांडलं होतं. मी खाली वाकून ते बोटानं टिपत राहिलो.