बिनकामाचा पाहुणा

मी लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर घरातही बसलो नाही. शाळेत तीस-बत्तीस वर्षं घंटेवर उठबस केली, तेवढी पुरे झाली. आता महिन्यातले पंधरा-वीस दिवस मी नंदुरबार जिल्ह्यात नुसता भटकतो. विसरवाडीच्या फाट्यावर उभं राहायचं, जी बस आधी येईल तिच्यात बसायचं, खिडकीतून एखादं गाव आवडलं की उतरायचं आणि पुढे पायी. मुक्कामाला मारुतीचं देऊळ, नाहीतर कुणाचा तरी ओटा. काठी गावची होळी बघायला म्हणून एकदा गेलो आणि आठ दिवस डोंगरातच रमलो. घड्याळ नाही, हजेरी नाही, कुणी वाट बघत नाही. मला यात जे सुख मिळतं ते पगाराच्या एकाही दिवशी मिळालं नव्हतं.

माझी खोली धाकट्या भावाच्या घरात आहे. भावजयीची एकच अट असते, "भटका तुम्ही, पण मळकं घालीसन नका भटका. लोके आम्हले नावं ठेवतीन." त्यामुळे माझ्या पिशवीत कडक इस्त्रीचे पांढरे सदरे, पायजमे आणि टोपी. भटका मी, पण दिसतो थेट व्याह्यासारखा. याच कपड्यांनी गेल्या हिवाळ्यात माझी फजिती केली.

तुळशीचं लग्न नुकतंच होऊन गेलं होतं. तापीकाठच्या एका गावात उतरलो. तहान लागली होती, म्हणून केळीच्या बागेशेजारच्या घरी थांबलो. घरधनीण पाणी घेऊन आली. मला गप्प बसवत नाही. वावर कुणाचं, विहिरीला पाणी किती, रस्ता पावसाळ्यात चालू असतो का, असं सगळं विचारून घेतलं. बाईंनी लगेच सतरंजी अंथरली. पोहे आले, चहा आला. मग भरीत आणि कळण्याची भाकरी. मी मनात म्हटलं, काय माणुसकी आहे या गावात.

तेवढ्यात आतून एक चौतिशी-पस्तिशीचा माणूस आला. केस ओले, अंगात नवाकोरा शर्ट, घडीच्या रेघा अजून तशाच. आईने त्याला बरोबर माझ्यासमोर बसवलं आणि मला विचारलं, "पोर कितली शिकेल शे?"

"कुणाची पोर?"

"तुम्हनीच."

घास हातातच राहिला. हिवाळ्यात इस्त्रीच्या कपड्यांतला अनोळखी म्हातारा दारात येतो आणि विहिरीचं पाणी विचारतो, म्हणजे तो मुलीचा बापच. आमच्याकडे दुसरा अर्थ होतच नाही. त्यातून आता मुली सगळ्या नोकरीवाल्याला देतात; शेती करणाऱ्या मुलाच्या दारात कुणी फिरकत नाही. मी आलो म्हणजे त्यांच्याकडे दिवाळीच पुन्हा आली होती.

खोटं बोलवेना. मी म्हणालो, "ताई, मला बायको नाही, पोर नाही, मागे कुणी नाही. मजेत फिरतो."

"मंग कसाले उनात?"

"सहज."

"सहज कोणी येस का?" असं म्हणून त्या चुलीकडे वळल्या. मग ताटात आणखी एक भाकरी वाढली. "खा आते. पाव्हना शेतस."

मी खाल्ली. नाही म्हणण्याची माझी टापही नव्हती.

मुलगा माझी पिशवी उचलून मला फाट्यापर्यंत सोडायला निघाला. मी गाडीवर बसलो नाही, तर तोही गाडी घरीच ठेवून पायी आला. दोन्हीकडे कापूस फुटलेला. अर्ध्या रस्त्यापर्यंत तो मला कुणाचं वावर कुठलं ते दाखवत होता. मग म्हणाला, "सर, एकलाले खरंच करमस का?"

हा प्रश्न मला गावोगाव विचारतात. मी तेव्हा असा रंगात येतो की ऐकणाऱ्याने पिशवी घेऊन माझ्यामागे निघावं. या वेळी जीभ उचलेना. 'मागे कुणी नाही, मजेत फिरतो' हे मी नवा शर्ट घालून बसलेल्या माणसासमोर मिटक्या मारत सांगितलं होतं. मला माझी लाज वाटली.

"मला करमतं," मी म्हणालो. "पण लग्नाला नको मी म्हटलं होतं, भाऊ. मला कुणी नको म्हटलं नव्हतं."

त्याने मान हलवली. लांबून बस येताना दिसली, तसा तो माझी पिशवी माझ्या हातात देत म्हणाला, "परत कधी उनात तं आईले हाई नका सांगा. आजलगून पाची येळे पोरवालासनीच नकार दिन्हा, सर. तिले मी सांगेल शे, मालेच पोर पसंत नई पडनी."